पाच, अठरा आणि सोळाशे मीटर

स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही क्लासात वेग-वेळ-अंतराचा धडा सुरू झाला की फळ्यावर पहिली ओळ ठरलेली असते. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे तर पाच भागिले अठराने गुणा, उलटं करायचं तर अठरा भागिले पाचने. वहीत तिच्याभोवती चौकट आखली जाते, चौकटीला लाल शाई लागते. आणि ऐन पेपरात पोरगं नेमकं त्याच चौकटीपाशी अडतं: वर पाच की वर अठरा? मागच्या आठवड्यात शेकडेवारी झाली, आज गाड्यांची गणितं घेऊ. पण सुरुवात गाडीपासून नको, पायांपासून करू.

कारण चौकटीपाशी अडणारी हीच पोरं पहाटे श्रीरामपुरात मैदानावर, नाहीतर नेवासा रोडच्या कडेने धावत असतात. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. मुलांना 1600 मीटरचे 20 पैकी 20 गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांत दोरी गाठावी लागते. आता सेकंदाला बरोबर 5 मीटर धावणारा मुलगा घ्या. त्याला 1600 मीटरला 320 सेकंद लागतात, म्हणजे 5 मिनिटं 20 सेकंद. याच वेगाने तो तासभर पळाला (पळणार नाही, पण समजा) तर 18 किलोमीटर जाईल. चौकटीत कोंडलेले पाच आणि अठरा ते हेच. पूर्ण गुणांना दहा सेकंद कमी पडणाऱ्या पोराच्या पायात ते रोज पहाटे असतात, आणि दहा वाजता क्लासात बसून तो ते घोकत असतो.

हे एकदा पायाशी जुळलं की वर-खालीचा घोळ राहत नाही. सेकंदाला 5 म्हणजे ताशी 18, सेकंदाला 10 म्हणजे 36, 20 म्हणजे 72, 25 म्हणजे 90. मुलींच्या 800 मीटरला पूर्ण गुणांसाठी 2 मिनिटं 50 सेकंद मिळतात, म्हणजे ताशी जवळपास 17 किलोमीटर. मुलांच्या 100 मीटरला साडेअकरा सेकंद, म्हणजे ताशी 31 च्या वर. उत्तर बरोबर की चूक हे सांगायला आपल्याकडे आता माणसाच्या धावण्याचं माप आहे. पेपरात सायकलस्वाराचा वेग ताशी दीड किलोमीटर आला तर गुणाकार उलटा झालाय, हे सूत्र न आठवताही कळतं.

सरासरी वेगाचं तसंच. या एका उपप्रकारावर जेवढे गुण जातात तेवढे क्वचितच दुसरीकडे जात असतील. एक पोरगा पहिले 800 मीटर सेकंदाला 6 मीटरने हाणतो आणि दम लागल्यावर उरलेले 800 सेकंदाला 4 मीटरने ओढतो. त्याचा हिशेब सरळ असतो: सहा आणि चार, सरासरी पाच, म्हणजे 320 सेकंद. घड्याळ 333 दाखवतं. पहिल्या निम्म्याला 133 सेकंद लागले, दुसऱ्याला 200. सरासरी 5 नाही, 4.8 पडली. कारण मंद वेगाने तो जास्त वेळ पळाला, म्हणून सरासरी मंद वेगाकडे ओढली गेली. मैदानावरचे प्रशिक्षक सांगतात, पहिल्या फेरीत जीव काढू नको, चारही फेऱ्या 77 सेकंदांनी काढ. दोन वेगांच्या सरासरीवर पुस्तकांत जी पानं खर्च होतात, ती या एका वाक्यात आली.

क्लासात मात्र याचं 2कख भागिले क अधिक ख होतं (क आणि ख म्हणजे दोन वेग). सूत्र खोटं नाही. 60 ने गेला, 40 ने परत आला, उत्तर 48. पण ते फक्त दोन्ही अंतरं सारखी असतील तेव्हाच चालतं, आणि ही अट चौकटीत बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. मग प्रश्न येतो: पहिला तास 60 ने, दुसरा तास 40 ने. इथे वेळ सारखी आहे, दोन तासांत 100 किलोमीटर झाले, उत्तर सरळ 50. प्रश्न काढणारा पर्यायांत 48 ठेवून बसलेला असतो, आणि ते घोकणाऱ्यांसाठीच ठेवलेलं असतं. भरतीच्या पेपरांत मला तरी हे सगळ्यात प्रामाणिक प्रश्न वाटतात. कोण समजून आलाय आणि कोण पाठ करून, ते त्यांना कळतं.

आता उशीर-लवकरचं गणित. उमेदवार गाडीवरून ताशी 40 ने गेला तर परीक्षा केंद्रावर 10 मिनिटं उशिरा पोचतो, 50 ने गेला तर 5 मिनिटं लवकर. केंद्र किती लांब? बाजारातल्या पुस्तकांत यालाही वेगळं सूत्र आहे, वेगांचा गुणाकार भागिले वेगांतला फरक वगैरे. ते विसरा. वेग 4 ला 5 आहेत, तर वेळ 5 ला 4. वेळेतला फरक एका भागाचा, आणि तो 15 मिनिटं. म्हणजे 40 ने जाताना पाच भाग, 75 मिनिटं. सव्वा तासात ताशी 40 ने 50 किलोमीटर. पेन उचलायची गरज नाही. वेग वाढला की वेळ त्याच प्रमाणात घटते, हे ज्याच्या मनात बसलंय त्याला या प्रकारची निम्मी गणितं तोंडी सुटतात. शाळेत सातवी-आठवीत त्याला व्यस्त प्रमाण म्हणतात. दुर्दैव एवढंच की ते तिथे शिकून तिथेच सोडलं जातं.

हेच प्रमाण त्रैराशिक आणि व्यस्त त्रैराशिक म्हणून भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. ग्रंथ 1150 चा. त्याची खूण बघायची तर श्रीरामपूरहून मनमाडला जायचं, तिथून चाळीसगाव, आणि पुढे पाटणादेवी. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चंगदेव याने मठ काढला, त्याचा शिलालेख त्या परिसरातला आहे. लीलावतीत खांबावर बसलेल्या मोराचं एक उदाहरण आहे. खांब नऊ हात उंच, बुडाशी सापाचं बीळ, साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतोय. मोर तिरका झेपावतो, दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? उत्तर बारा. वेगाचा आकडा कुठेच दिलेला नाही, कारण लागत नाही. वेग सारखे म्हणजे दोघांनी कापलेलं अंतर सारखं, पुढचं काम काटकोन त्रिकोणाचं. सूत्रं तिथेही पाठ करायची होती, श्लोकात होती. पण सूत्रापाठोपाठ उदाहरण यायचं, आणि ते डोळ्यांसमोर दिसायचं.

आपल्या पुस्तकांतल्या गाड्या मात्र डोळ्यांसमोर येत नाहीत. पुस्तकातली आगगाडी 120 मीटर लांब असते. आजच्या एक्स्प्रेसचा एक डबा साधारण 24 मीटरचा धरला तर ही गाडी पाच डब्यांची झाली. दौंड-मनमाड मार्गावर अशी एक्स्प्रेस मी तरी पाहिलेली नाही. 22 डबे आणि वीसेक मीटरचं इंजिन मिळून गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास भरते. श्रीरामपूरच्या उमेदवाराला यासाठी लांब जायला नको. गावातच स्टेशन आहे. (पाटीवर बेलापूर लिहिलंय. नवी मुंबईचं बेलापूर समजून फसलेला पाहुणा दर घरात एखादा तरी सापडतो.) फलाटावर उभं राहून एक न थांबणारी गाडी नीट बघितली की खांब ओलांडणे आणि फलाट ओलांडणे अशी दोन प्रकरणं लागत नाहीत. शेवटच्या डब्यातल्या गार्डवर लक्ष ठेवायचं. इंजिन खांबाशी आलं तेव्हा गार्ड गाडीच्या लांबीइतका मागे आहे, त्याला तेवढंच यायचंय. इंजिन फलाटाच्या अलीकडच्या टोकाला लागलं तेव्हा त्याला गाडीची लांबी अधिक फलाटाची लांबी जायची आहे. बोगदा, पूल, दुसरी गाडी, काहीही असो, विचारायचं एकच: गार्डला अजून किती जायचंय?

गाडीत बसलात तर खिडकीजवळ बसा. विजेच्या तारांच्या खांबांवर आकडे रंगवलेले असतात, वरचा किलोमीटरचा, खालचा खांबाचा अनुक्रमांक. वरचा आकडा बदलला की घड्याळ सुरू, पुन्हा बदलला की बंद. 3600 ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग. चाळीस सेकंद लागले तर 90, पंचेचाळीस लागले तर 80, पन्नास लागले तर 72. पुणतांबा येईपर्यंत 3600 चे सगळे विभाजक पाठ होतात, आणि ते पाठ असलेले बरे.

सापेक्ष वेगासाठी मात्र स्टेशनवर नाही, रस्त्यावर यावं लागतं. गाळप हंगामात अशोक, प्रवरा, मुळा, ज्ञानेश्वर अशा चारी बाजूंच्या कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वीस मीटर धरा, वेग ताशी 20. मागून तुम्ही मोटारसायकलवर ताशी 50 ने आलात. ओलांडायला सुरुवात करताना मागे 15 मीटर, आत येताना पुढे 15 मीटर सोडायचे, म्हणजे ट्रॅक्टरच्या तुलनेत 50 मीटर पुढे जायचं. एकाच दिशेने जाताना वेग वजा होतात, उरले ताशी 30, सेकंदाला सव्वाआठ मीटर. लागले सहा सेकंद. आता समोरून ताशी 50 ने टेम्पो येतोय. त्याच्या-तुमच्यातलं अंतर ताशी 100 ने घटतंय, सेकंदाला जवळपास 28 मीटर. सहा सेकंदांत 167 मीटर. तेवढा रस्ता मोकळा दिसत नसेल तर थांबायचं.

पुढचा आकडा बघा. ट्रॅक्टर रिकामा परत चाललाय, वेग 20 ऐवजी 30. फरक दहाचाच, पण तुमचा सापेक्ष वेग 30 चा 20 झाला, ओलांडायला सहाच्या जागी नऊ सेकंद, आणि मोकळा रस्ता हवा 250 मीटर. दहा किलोमीटरच्या फरकाने 83 मीटर वाढले. रात्री, ट्रॉलीला मागे लाल पट्टी नसताना आणि समोरचा दिवा डोळ्यांत असताना, हा हिशेब करायला कुणाला वेळ मिळत नाही. तो आधीच अंगात मुरलेला असावा लागतो. ‘एकाच दिशेने वजाबाकी, विरुद्ध दिशेने बेरीज’ हे वाक्य लाल शाईत लिहून घेणाऱ्या पोरांपैकी किती जणांनी ते नेवासा रोडवर कधी वापरलंय, हे मला विचारावंसं वाटतं. बोलून काही होत नाही, म्हणून निदान आकडे लिहितोय.

नाव आणि प्रवाहाची गणितं याच घरातली, पण आमच्या तालुक्यात नाव कुठली? पाण्याचा वेग आम्हाला कळतो तो आवर्तनातून. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यावर येतं, तिथून कालव्यात जातं. टेलच्या शेतकऱ्याला विचारा की पाणी सुटलं, आता तुमच्या चारीला कधी? तो अंतर, वेग, वर किती मोटारी चालू असतील आणि कोण गेट उचलेल, सगळं धरून वार सांगतो. पुस्तकात प्रवाहाचा वेग कायम असतो. त्याच्या हिशेबात नसतो.

क्लासवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेत 60 मिनिटांत 100 प्रश्न, म्हणजे एकाला 36 सेकंद. पोलीस भरतीच्या लेखी पेपरात 90 मिनिटांत 100, म्हणजे 54 सेकंद. एवढ्या वेळात मुळापासून विचार करायचा कधी, म्हणून ट्रिक, असं ते म्हणतात. पण हे 36 म्हणजे पुन्हा सरासरीच. समजा 85 प्रश्न 30 सेकंदांनी सोडवले. 42 मिनिटं 30 सेकंद गेली. उरलेल्या 15 गणितांना साडेसतरा मिनिटं राहिली, प्रत्येकी 70 सेकंद. वरचं उशीर-लवकरचं गणित एवढ्यात आरामात बसतं. उलट वीस सूत्रांतलं कुठलं लावायचं हे शोधण्यातच पुष्कळांचे चाळीस सेकंद जातात. पाढे, तीसपर्यंतचे वर्ग, अपूर्णांकांच्या टक्केवाऱ्या पाठ हव्यात, यावर माझं दुमत नाही. त्या वेळ वाचवतात. मोबाईलवरची ‘दोन सेकंदांत उत्तर’वाली चित्रफीत वेळ वाचवत नाही. ती बघायला वीस मिनिटं लागतात.

पुढच्या आठवड्यात नळ आणि टाकी. तोवर बेलापूरच्या फलाटावर उभं राहा. साडेपाचशे मीटरची एक्स्प्रेस न थांबता तुमच्यासमोरून 22 सेकंदांत गेली. पलीकडच्या रुळावर 650 मीटरची मालगाडी उभी आहे. एक्स्प्रेसला ती पूर्ण ओलांडायला किती सेकंद लागले? आणि मालगाडी उभी नसून समोरून ताशी 54 ने येत असती, तर? कागद नको, पाच-अठराची चौकटही नको. उत्तरं नळांबरोबर देईन.