दोन कनेक्शन आहेत, पण रस्ता एकच असेल तर?

६ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबियातल्या जेद्दाहजवळ लाल समुद्राखालच्या इंटरनेट केबल तुटल्या. त्यातल्या एसएमडब्ल्यू४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन केबल मुंबईलाही येतात. भारत, पाकिस्तान, यूएईमध्ये बऱ्याच जणांचं नेट मंदावलं. मायक्रोसॉफ्टनं अझ्युर क्लाउडच्या ग्राहकांना कळवलं, की ट्रॅफिक बंद नाही, दुसऱ्या मार्गानं वळवलाय, पण लेटन्सी वाढेल.

'बंद नाही, पण उशीर होईल' म्हणजे नेमकं काय? तुमच्या ऑफिसचं किंवा घरच्या दुकानाचं काम नेटवर चालत असेल, तर हे समजून घ्यायलाच हवं.

जास्त एमबीपीएस घेऊन उपयोग का नाही?

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. डेटाला १० हजार किलोमीटरचा वळसा पडला, तर जायला ५० आणि यायला ५० असे १०० मिलिसेकंद वाढतात. आकडा किरकोळ वाटतो ना? पण एखादं ॲप एक स्क्रीन उघडायला परदेशातल्या सर्व्हरशी एकामागून एक २० वेळा बोलत असेल, तर झाले २ सेकंद! इथे १०० चा प्लॅन ३०० एमबीपीएस केला तरी फरक पडणार नाही. रस्ता रुंद होईल, पण अंतर तेवढंच राहील.

बॅकअप खरंच बॅकअप आहे का?

'आमच्याकडे दोन कंपन्यांची कनेक्शन आहेत,' असं अनेक ऑफिसं अभिमानानं सांगतात. पण दोन्ही वायरी एकाच डक्टमधून येत असतील, तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. लाल समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं: केबल वेगळ्या, समुद्र मात्र तोच.

कॅनडाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. ८ जुलै २०२२ ला रॉजर्स कंपनीच्या राउटरच्या सेटिंगमधून एक फिल्टर निघाला आणि १.२ कोटींहून जास्त ग्राहकांची सेवा ठप्प झाली. मोबाइल आणि ब्रॉडबँड, दोन्ही एकाच कोअर नेटवर्कवर चालत होते, म्हणून दोन्ही सोबतच पडले. इंटरॅक ही डेबिट पेमेंट यंत्रणाही रॉजर्सवर अवलंबून होती, त्यामुळे देशभर दुकानांत कार्ड चालेनात. बिघाड शोधायला इंजिनिअरना जे नेटवर्क लागत होतं, तेही त्याच कोअरवर होतं!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बॅकअप घेताना कनेक्शन मोजू नका, कॉमन काय आहे ते शोधा. वायफाय आणि हॉटस्पॉटचं सिम एकाच कंपनीचं असेल, तर तुमची गत त्या दिवशीच्या रॉजर्सच्या ग्राहकांसारखी होऊ शकते.

अरुंद रस्त्यावर आधी कोण जाणार?

बॅकअप लाइन सहसा छोटी असते. समजा १० एमबीपीएसची आहे. एका व्हॉइस कॉलला साधारण १०० केबीपीएस लागतात, म्हणजे २० कॉलना २ एमबीपीएस. आरामात बसतं. पण त्याच वेळी कुणाचा लॅपटॉप क्लाउडवर फोटो चढवायला लागला, की राउटरमध्ये रांग लागते आणि कॉल तुटक येतात.

यावर उपाय क्यूओएस, म्हणजे राउटरला सांगायचं की आधी कॉल आणि बिलिंग, मग बाकीचं. अँब्युलन्सला वाट देतो तसंच. मात्र ही शिस्त तुमच्या राउटरपुरतीच. बाहेरच्या सार्वजनिक इंटरनेटवर तुमच्या प्राधान्याला सहसा कुणी विचारत नाही. म्हणून आपल्या बाजूची रांग सांभाळणं जास्त महत्त्वाचं.

आज काय करता येईल?

- हॉटस्पॉटसाठी ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम ठेवा.
- प्रोव्हायडरला विचारा: दोन्ही लाइन इमारतीत कुठून येतात?
- मोठी फाइल अपलोड होत असताना पिंग तपासा. तो एकदम वाढला, तर अडचण रांगेची आहे. राउटरमध्ये क्यूओएस चालू करून पुन्हा तपासा.
- महिन्यातून एकदा मुख्य लाइन मुद्दाम काढून बघा. बिल निघतं का? पेमेंट येतं का?

शेवटची टेस्ट फुकट आहे, पण बहुतेक ठिकाणी ती कुणी करतच नाही. काउंटरवर गर्दी असताना बॅकअपची पहिली परीक्षा होण्यापेक्षा, दुकान उघडण्याआधी १० मिनिटं दिलेली बरी.