चित्रातील घर आणि घरातील श्रम

चित्र केवळ शोभेसाठी नसते. स्त्रीने कसे दिसावे, घर कसे असावे, हेही ते नकळत शिकवते. छपाईच्या कलेने ही शिकवण घरोघरी पोहोचविली.

सतराव्या शतकात पॅरिसमधील अब्राहम बॉस हा कलावंत तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेखाटन करून, त्या रेषा आम्लाने कोरून चित्रे छापत असे. १६३३ सालच्या त्याच्या विवाहविषयक चित्रमालेत संपन्न घरातील बाळंतीण आणि तिला भेटायला आलेल्या स्त्रिया दिसतात. उंची वस्त्रे आणि सजविलेले दालन यांतून त्या घराची प्रतिष्ठा व्यक्त होते.

महाराष्ट्रात १८७८ साली पुण्यात चित्रशाळा सुरू झाली. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. तेथे रंगागणिक वेगळा दगड वापरून, एकावर एक रंग चढवून चित्र पूर्ण होई. राजवाड्यांत शोभणाऱ्या चित्रांसारखी लक्ष्मी, सरस्वती, दमयंती आता सामान्यांच्या भिंतींवर आली. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांनाही घरात देवतेचे दर्शन घडू लागले. हे या छपाईचे मोठेच उपकार होत.

तथापि, या चित्रांनी स्त्रीचा एक ठरावीक साचाही रुजविला. भरजरी साडी, दागिने, गौर कांती आणि निवांत मुद्रा म्हणजेच कुलीनता, असा समज दृढ झाला. जाते, चूल, पाण्याची घागर यांना त्या चौकटीत क्वचितच जागा मिळाली. जे चित्रात येत नाही, त्याचे मोल समाजही विसरतो. भिलाईसारख्या पोलादनगरीत पहिल्या पाळीच्या कामगाराचा डबा पहाटे उठून करणारी स्त्री भिंतीवरच्या किती दिनदर्शिकांत आढळते?

म्हणून जुनी चित्रे टाकून देणे योग्य नव्हे. ती जपावीत आणि डोळसपणे पाहावीत. चित्रातील साडी कोणी विणली, दालन कोणी झाडले, पाणी कोणी भरले, हे प्रश्न पाहणाऱ्याने विचारले पाहिजेत. सौंदर्याचा आस्वाद घेताना श्रमाचे भान राखणे, हीच खरी रसिकता होय.