व्यसनी पेशंटला सलाईन लावून घरी पाठवणं म्हणजे उपचार नव्हेत

नाशिकमध्ये व्यसनाची चर्चा निघाली की ती पोलिसांच्या कारवाईपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिंदे गावात एमडीचा कारखाना उघडकीस आला, शहरात मोर्चाही निघाला. मालेगावची 'कुत्ता गोळी' आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या तर अधूनमधून बातम्यांत असतातच. किती माल पकडला हे आपल्याला कळतं. पण ज्यांना या मालाची सवय लागली आहे, ती मुलं रात्री दोन वाजता बेशुद्ध पडल्यावर हॉस्पिटलमध्ये त्यांचं काय होतं, हे कोणी विचारत नाही.

बहुतेक वेळा काय होतं, ते सांगतो. पेशंट तपासला जातो, सलाईन लागतं, शुद्धीवर आला की नातेवाइकांना 'याला व्यसनमुक्ती केंद्रात टाका' असं सांगून डिस्चार्ज मिळतो. जीव वाचला हे खरं. पण ज्या आजाराने तो जीव धोक्यात आला, त्यावर एका पैशाचाही उपचार झालेला नसतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे: हे चुकीचं आहे आणि पेशंटच्या घरच्यांनी ते मुकाट्याने मान्य करू नये.

आधी समजून घ्या: ओपिऑइड म्हणजे काय?

अफूपासून बनलेली किंवा अफूसारखं काम करणारी औषधं म्हणजे ओपिऑइड. गर्द (ब्राऊन शुगर, हेरॉइन), मॉर्फिन, खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन, वेदनाशामक ट्रॅमाडॉल ही सगळी याच कुटुंबातली. एमडी यात येत नाही. ते उत्तेजक आहे आणि त्याचे उपचार वेगळे असतात. 'कुत्ता गोळी' म्हणजे अल्प्राझोलाम, ही झोपेच्या गोळ्यांच्या गटातली. पण ती कोडीनच्या सिरपबरोबर किंवा दारूबरोबर घेतली, तर दोन्ही मिळून श्वास मंदावतात. जीव जातो तो असा, श्वास थांबून.

हा आजार पंजाबचा, आपला नाही, असंही समजू नका. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, ओपिऑइडच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे ७७ लाख आहेत. सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचं नाव आहे.

इमर्जन्सीतच उपचार का सुरू व्हावेत?

गर्द बंद झाल्यावर साधारण ८ ते १२ तासांत शरीर बंड करू लागतं. नाक-डोळे वाहतात, हाडं ठणकतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास सर्वांत जास्त असतो. अशा माणसाला 'पुढच्या आठवड्यात ओपीडीत या' म्हणणं म्हणजे त्याला पुन्हा विक्रेत्याकडे पाठवणं. तिथे आराम दहा मिनिटांत मिळतो, आपल्याकडे तारीख मिळते.

यावर औषध आहे. त्याचं नाव ब्युप्रेनॉर्फिन, जिभेखाली ठेवायची गोळी. मेंदूतल्या ज्या जागी गर्द काम करतो तिथेच ती बसते, पण अर्धवट काम करते. त्यामुळे तलफ आणि त्रास थांबतो, नशा चढत नाही. ती कधी सुरू करायची याला नियम आहेत: शरीरात गर्दाचा अंमल असताना दिली तर त्रास उलट वाढतो. म्हणूनच ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू करायची असते.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ३२९ पेशंटवर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना इमर्जन्सी विभागातून फक्त चिठ्ठी दिली, काहींना चिठ्ठीबरोबर समुपदेशन दिलं, तर काहींना तिथेच ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं. महिन्याभरानंतर उपचारात टिकून असलेले पेशंट पहिल्या गटात ३७ टक्के, दुसऱ्यात ४५ टक्के आणि तिसऱ्यात ७८ टक्के होते. दुपटीहून जास्त फरक! मधुमेहाच्या एखाद्या औषधाने एवढा फरक दाखवला असता, तर गल्लोगल्ली त्याच्या जाहिराती लागल्या असत्या.

नेहमीचे आक्षेप

*'याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलंय.'* तंबाखू खाणाऱ्याला हार्ट अटॅक आला तर आपण अँजिओप्लास्टी अडवतो का? हेल्मेट न घालता पडलेल्याचं डोकं शिवत नाही का? मग हा न्याय फक्त व्यसनी माणसालाच का?

*'एक नशा सोडवायला दुसरी गोळी?'* इन्सुलिन रोज घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार चालू असताना मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. उलट, नुसतं दहा दिवस कोंडून 'शुद्ध' केलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर येऊन त्याने जुना डोस घेतला, तर तोच डोस जीव घेतो.

*'पोलीस केस आहे, आधी ते बघू.'* नाही. आधी पेशंट. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, कायदेशीर सोपस्कार नंतर. आणि स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, सेवनासाठीच्या किंवा अगदी अल्प प्रमाणातल्या साठ्याच्या गुन्ह्यात, एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये संरक्षण आहे.

*'आमच्याकडे सोय नाही.'* २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार व्यसनामुळे होणारे मानसिक विकार हे मानसिक आजारच आहेत आणि त्यांच्यासाठीची आपत्कालीन सेवा शारीरिक आजारांच्या तोडीची असली पाहिजे. नॅलॉक्सोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ब्युप्रेनॉर्फिनवर कायद्याचं नियंत्रण आहे, ती कुठल्याही दुकानात मिळत नाही, हे मान्य. पण मानसोपचारतज्ज्ञाला त्याच रात्री फोन करणं, त्याच्या सल्ल्याने औषध सुरू करणं आणि दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवूनच पेशंटला सोडणं यासाठी नवी इमारत लागत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशिकमध्ये आहे. राज्यभरातले डॉक्टर त्याच्या परीक्षा देऊन बाहेर पडतात. व्यसनाचा पेशंट इमर्जन्सीत कसा हाताळायचा, हे प्रत्येक इंटर्नने हाताने करून शिकावं, ही मागणी नाशिककरांनी नाही तर कोणी करायची?

पुण्यात १९८६ मध्ये गर्दच्या साथीला उत्तर म्हणून डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. व्यसनी माणसाशी माणुसकीने वागता येतं, हे महाराष्ट्राने तेव्हापासून पाहिलं आहे. ती माणुसकी हॉस्पिटलच्या पहिल्या दारापर्यंत अजून का पोहोचू नये?

तुम्ही काय करायचं?

माणूस हाक मारून, हलवूनही उठत नाही, श्वास अगदी संथ किंवा घोरल्यासारखा आहे, ओठ निळसर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, तर हा ओव्हरडोस समजा.

- लगेच १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या.
- पाणी, दूध, लिंबू पाजू नका. उलटी करवू नका. 'झोपून उतरेल' म्हणून थांबू नका.
- रिकामी बाटली, गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. लाजेपोटी लपवलेली माहिती जिवावर बेतते.
- नॅलॉक्सोनच्या इंजेक्शनने पेशंट उठून बसला तरी लगेच घरी नेऊ नका. त्याचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, विषाचा त्याहून जास्त. पेशंट पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो.

आणि डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी हे तीन प्रश्न विचाराच:

१. मानसोपचारतज्ज्ञांनी पेशंटला पाहिलं का, किंवा फोनवर सल्ला दिला का?
२. पुढचे दोन-तीन दिवस त्रास होईल, त्यासाठी कोणतं औषध दिलं आहे?
३. उद्या कुठे, किती वाजता, कोणाला भेटायचं?

उत्तर मिळेपर्यंत शांतपणे, पण ठामपणे उभे राहा. घरी आल्यावर मार्ग सुचेना, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ किंवा टेलिमानस १४४१६ यावर बोला.

तुमचा मुलगा, भाऊ किंवा नवरा तिथे गुन्हेगार म्हणून आलेला नाही, पेशंट म्हणून आला आहे. त्याला पेशंटसारखंच वागवलं जावं, हे मागायला अजिबात संकोच करू नका.