उज्जीवनाचा उत्सव आणि उज्जीवनाचा संसार

लग्नाचा मांडव चार दिवसांचा असतो आणि संसार जन्माचा असतो, हे सांगावयास आपल्याकडे पंडिताची जरुरी लागत नाही. परंतु हीच साधी गोष्ट आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांस त्यांच्या आत्मिक जीवनाविषयी सांगू गेल्यास ती कित्येकांना रुचत नाही. उज्जीवन-सभांचा हंगाम आला की मैदानात मांडव उभा राहतो, भिंतींवर वक्त्यांची छायाचित्रे झळकतात, ध्वनिवर्धक रात्री उशिरापर्यंत गर्जत राहतो. तीन दिवस अश्रू वाहतात, हात वर होतात, निश्चय बोलून दाखविले जातात. चौथ्या दिवशी मांडव उतरतो आणि त्याच्याबरोबर उज्जीवनही उतरते. मग वर्षभर आपण एकमेकांस विचारीत राहतो की, जागृती टिकत का नाही? आणि उत्तरादाखल पुढील वर्षी अधिक मोठा मांडव घालतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. जागृती टिकत नाही याचे कारण ती पुरेशी भडकत नाही हे नव्हे. तिचा संसार मांडला जात नाही, हे होय. हे म्हणणे ज्यांस कोरडे वाटेल त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचावे आणि मगच आम्हांस दोष द्यावा.

आम्ही ज्या हैदराबाद नगरीत राहतो तिला या विषयात बोलण्याचा विशेष अधिकार आहे. पंजाबातील एका शीख कुटुंबात १९०३ साली जन्मलेले बख्त सिंग हे कॅनडात शिकत असताना १९२९ च्या सुमारास ख्रिस्ताकडे वळले, १९३३ साली मायदेशी परतले, आणि १९४१ मध्ये मद्रासेस त्यांनी पहिली स्वतंत्र मंडळी स्थापिली. पुढे १९५० पासून हैदराबादच्या गोलकोंडा चौरस्त्याजवळील 'हेब्रोन' हे त्यांच्या कार्याचे केंद्र झाले. १७ सप्टेंबर २००० रोजी त्यांनी याच शहरात देह ठेवला, तेव्हा भारतात आणि भारताबाहेर त्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या मंडळ्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागत होती. त्यांच्या वार्षिक पवित्र मेळाव्याची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु कीर्ती ऐकणारे आणि अनुकरण करणारे नेमके काय घेतात? ते गर्दी घेतात, मिरवणूक घेतात, लांब प्रार्थना घेतात. त्या मेळाव्यात श्रीमंत आणि दरिद्री एकाच चटईवर बसत आणि एकाच पंक्तीस जेवत. पैशासाठी व्यासपीठावरून हाक घातली जात नसे. आणि मेळावा संपल्यावर माणसे ज्या गावी परतत त्या गावी मंडळी सांभाळण्यास स्थानिक वडील असत. या तीन गोष्टी मात्र अनुकरण करणाऱ्यांच्या हातून हटकून निसटतात. चटई जाऊन व्यासपीठावर मखमली कोच येतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या दूरच्या वक्त्यास दान धाडणारा मनुष्य आपल्याच गल्लीतील आजारी बांधवाचे दार ओळखीत नाही. उत्सव घेतला, संसार टाकला.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. आत्मा वाऱ्यासारखा आहे, तो वाटेल तिकडे वाहतो. त्यास तुमचे नियम, समित्या आणि वह्या कशा बांधणार? आक्षेप खोटा नाही, अपुरा आहे. वारा कोणी निर्माण करीत नाही, हे कोकणातील कोणताही तांडेल आम्हांपेक्षा अधिक जाणतो. परंतु वारा परमेश्वराचा म्हणून तो शीड शिवावयाचे सोडीत नाही. शीड फाटके ठेवून वाऱ्यास बोल लावणाऱ्याला बंदरावर कोणी भक्त म्हणत नाहीत, आळशी म्हणतात.

शास्त्राचाच आधार पाहिजे असेल तर 'प्रेषितांची कृत्ये' उघडावीत. पन्नासाव्या दिवशी सुमारे तीन हजार माणसे मंडळीत आली, हे आपण प्रत्येक सभेत ऐकतो. त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायावर मात्र क्वचितच कोणी गर्जतो. तेथे काय आहे? तेथे भांडण आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी तक्रार आली. आत्म्याच्या वर्षावानंतर थोड्याच काळात उठलेली ही कुरकुर अन्नाची आणि भाषाभेदाची होती! प्रेषितांनी काय केले? तक्रार करणाऱ्यांस अश्रद्ध ठरविले नाही, आणखी एक उज्जीवन-सभाही बोलाविली नाही. त्यांनी लोकांस सात विश्वासू माणसे निवडावयास सांगितले आणि वाटपाचे काम त्यांच्या हाती सोपविले. पहिल्या जागृतीचा संसार मांडला गेला तो या निवडणुकीने. म्हणजे चोख व्यवहार हा आत्म्याचा शत्रू नव्हे. तो आत्म्याचा कारभारी आहे.

आता महाराष्ट्रात या. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ च्या जूनअखेरीस जी जागृती झाली, तिची वार्ता देशोदेशी गेली. वेल्समधील १९०४ च्या जागृतीने आणि त्याच सुमाराच्या खासी टेकड्यांतील चळवळीने जे वातावरण तापले होते, त्यात केडगावचे नाव अग्रभागी घेतले जाते. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्रॅम्स यांनी त्या अनुभवावर लिहिलेले पुस्तक दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत पोहोचले, आणि तेथील १९०९ च्या जागृतीस त्याचा हातभार लागला. मुलींचे रडणे, मोठ्याने एकत्र प्रार्थना करणे, यावर त्या काळी पुष्कळांनी नाके मुरडली. आमच्यातील सुशिक्षित आजही मुरडतात. त्यांच्याशी आमचे मुळीच पटत नाही. दुष्काळातून उचलून आणलेल्या, घरादारास पारख्या झालेल्या मुलींनी देवासमोर मोकळा हुंदका दिला, तर तो शिष्टाचाराच्या पट्टीने मोजावयाचा नसतो.

परंतु आमचा मुद्दा पुढचा आहे. त्या जागृतीनंतर रमाबाईंनी काय केले? त्या जगभर व्याख्याने देत फिरल्या नाहीत. त्या केडगावातच राहिल्या. विहिरी, शेत, गोठा, हातमाग, अंध स्त्रियांचे शिक्षण हे सारे चालूच राहिले. आणि ज्या वर्षांत दुसरा एखादा कीर्तीवर जगला असता, त्या वर्षांत त्या हिब्रू व ग्रीक कोशांवर वाकून सबंध शास्त्राचे मराठी भाषांतर करीत बसल्या. मुक्तीच्याच छापखान्यात सदनातील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळविले. १९२१ साली कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई स्वतः गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९०५ चे हुंदके हवेत विरले, आणि ते विरावयाचेच होते. पण अनाथ स्त्रीसाठी उघडलेले दार केडगावी आजही उघडे आहे. उज्जीवन टिकणे याचा अर्थ हुंदका टिकणे नव्हे, दार उघडे राहणे होय.

जे केडगावी घडले त्याचाच पडताळा गोव्याच्या इतिहासात मिळतो, आणि तोही अशा परिस्थितीत की जेथे उत्सवास जागाच नव्हती. बाणावली येथे १६५१ साली जन्मलेले जुझे वाझ हे १६८७ मध्ये वेष पालटून जाफन्यास उतरले. डच सत्तेने श्रीलंकेत कॅथलिक उपासनेवर बंदी घातली होती. ना मांडव, ना घंटा, ना मिरवणूक! रात्री घराघरांतून उपासना, दिवसा पायपीट. कँडीत हेर समजून बंदिवास, आणि पुढे देवीच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा. त्यांनी तमिळ आणि सिंहली या लोकांच्या भाषा आत्मसात केल्या. १७११ मध्ये ते कँडीत वारले, पण त्यांच्याबरोबर कार्य वारले नाही. कारण गोव्याच्या ज्या धर्मगुरुसंघाचे ते होते, तो एकामागून एक माणसे पाठवीत राहिला. दिवाडीचे याकोम गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत एवढे ग्रंथ रचिले की, सिंहली वाङ्मयाच्या इतिहासातही त्यांचे स्थान मानले जाते. डच सत्ता १७९६ मध्ये गेली, मंडळी राहिली. २०१५ साली वाझ यांना कोलंबोत संतपद घोषित झाले. लोकांची भाषा, मागून येणारी माणसे आणि घरोघरची नित्य उपासना, या तिहींवर त्या छळाच्या काळात मंडळीचा संसार चालला.

या तिहींपैकी भाषेविषयी थोडे अधिक बोलणे या नियतकालिकाच्या वाचकांपुढे तरी अप्रस्तुत ठरू नये. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज राज्यपालाने लोकांनी मातृभाषा टाकावी असे फर्मान काढले. तरीही ते पुराण हस्तलिखितांतून जगले आणि १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापले गेले. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये आरंभिलेला 'देवाचा दरबार' त्यांच्या १९१९ मधील मृत्यूनंतर फार काळ उभा राहिला नाही. पण त्यांची भजने आणि अभंग मराठी मंडळ्यांत आजही गाइले जातात. संघटना एका माणसाच्या खांद्यावर होती, ती त्याच्याबरोबर बसली. गीत लोकांच्या ओठांवर होते, ते उरले. आणि आज आमच्या हैदराबादेत काय चालले आहे? निजामाच्या राज्यात मराठवाडा होता, १९५६ मध्ये तो वेगळा झाला, तरी मराठी घरे येथे राहिली. त्यांतील ख्रिस्ती घरांतली मुले इंग्रजीत गातात, तेलुगूत बाजार करतात आणि आजीची प्रार्थना त्यांस अर्धीच कळते. आम्ही तेलुगूचे वा इंग्रजीचे वैरी नाही. परंतु ज्या भाषेत मनुष्य लहानपणी क्षमा मागावयास शिकला, त्या भाषेत त्याचा पश्चात्ताप सर्वांत खरा असतो. त्या भाषेचा संध्याकाळचा अर्धा तास घरातून गेला, तर तीन दिवसांची सभा तो परत आणून देत नाही.

आता आमच्या व्यवसायाला स्मरून दोन कडू शब्द. रविवारी एका बाकावर बसून एका प्याल्यातून पिणारे दोन बांधव सोमवारी न्यायालयाच्या व्हरांड्यात परस्परांकडे पाठ करून उभे असलेले आम्ही पाहिले आहेत. वाद मंडळीच्या जागेचा, दुकानाच्या भाड्याचा, नाही तर समितीच्या निवडणुकीचा. दोघेही उज्जीवन-सभेत हात वर करून आलेले असतात! जक्कयाने येशूस घरी उतरविले तेव्हा अर्धे धन गरिबांस आणि ज्यांस लुबाडले त्यांस चौपट परत देण्याचे त्याने उभ्या उभ्या कबूल केले. तो रडला की नाही हे शास्त्र सांगत नाही. त्याने हिशेब काय दिला ते मात्र सांगते. ज्या उज्जीवनानंतर एकही दावा मागे घेतला जात नाही, एकही बुडविलेले देणे परत होत नाही, मंडळीची एकही हिशेबाची वही सभासदांपुढे उघडली जात नाही, त्यास उज्जीवन म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

तीच गोष्ट जातीची. धर्मांतरित दलितांस अनुसूचित जातींच्या सवलती नाकारणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाविरुद्ध आपण न्याय मागतो, आणि तो मागणे रास्तच आहे. परंतु सोयरीक जुळविताना जो पाळक वा जो वडील हळूच मूळ जात विचारतो, त्याने कोणत्या तोंडाने न्यायासनापुढे उभे राहावे? मांडवातील एक चटई घरच्या पंक्तीपर्यंत पोहोचली नाही, तर ती चटई नाटकातील सामान होय.

कायद्यात एक कठोर तत्त्व आहे. मालकाने आपल्या जमिनीवरील परक्याचा विरोधी कबजा बारा वर्षे मुकाट्याने चालू दिला, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने त्याचा हक्कच नष्ट होतो. दस्तऐवज पेटीत असला तरी जमीन हातची जाते. उज्जीवनाच्या रात्री आपल्याला जे मिळते तो दस्तऐवज होय. कबजा दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावा लागतो आणि पुढे रोज राखावा लागतो. ज्या हृदयावर लोभाने, वैराने आणि जात्यभिमानाने वर्षानुवर्षे निर्वेध वहिवाट केली, त्याचा धनी दर हिवाळ्यात दस्तऐवज डोक्यावर घेऊन नाचला, म्हणून त्याची जमीन त्यास परत मिळत नाही.

म्हणून सभा बंद करा असे आम्ही म्हणत नाही. लग्नावाचून संसार नाही, हे आम्ही जाणतो. आम्ही इतकेच म्हणतो की, पुढील वर्षी मांडव घालण्यापूर्वी मंडळीने गेल्या वर्षीच्या मांडवाचा जमाखर्च मांडावा, आणि तो रुपयांचाच नव्हे. किती भांडणे मिटली? किती घरांत रोज शास्त्र वाचले जाते? किती आजाऱ्यांकडे कोणी गेले? किती तरुणांच्या हाती वडिलांनी खरोखर काम सोपविले? उत्तर शून्य आले तर त्या वर्षी मांडव घालू नये. त्या पैशांत मंडळीतील विधवांचे भाडे भरावे.

रूपांतराच्या डोंगरावर पेत्रास तीन मंडप उभारावेसे वाटले. मंडपाचा मोह इतका जुना आहे! प्रभूने ते उभारू दिले नाहीत; तो खाली उतरला, कारण पायथ्याशी एक बाप आपल्या आजारी मुलास घेऊन वाट पाहत होता. तो बाप अजून पायथ्याशीच उभा आहे, आणि आपण अजून मंडपाची वर्गणी गोळा करीत आहो.