जुनं घर पाडण्यापूर्वी

जबलपूर म्हटलं की भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात. शहरात हिंडताना मात्र नजर अडकते ती सिव्हिल लाइन्स आणि छावणीतल्या जुन्या बंगल्यांवर, आणि आतल्या वस्तीतल्या कवेलूंच्या घरांवर. त्यांत मराठी कुटुंबांचीही घरं आहेत. १७९८ मध्ये पेशव्यांनी हा नर्मदाकाठ नागपूरकर भोसल्यांना दिला होता. पुढे तो इंग्रजांकडे गेला, तरी १८६१ पासून १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात राहिले. १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग इथंच जोडला गेला, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला. वकील, मास्तर, रेल्वेतले बाबू असे आपले कितीतरी लोक नोकरीच्या निमित्तानं आले आणि इथलेच झाले.

आता त्या घरांना वारस पुष्कळ आणि राहणारी माणसं दोन, अशी स्थिती आहे. मुलं पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी. फाटकाशी बिल्डर उभा. अशा वेळी घरात हमखास एक वाक्य ऐकू येतं, ‘जुनं घर आहे, भूकंपात टिकायचं नाही.’

ही भीती पोकळ नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हादरलं तेव्हा चाळीसच्या आसपास माणसं दगावली. मातीत रचलेल्या विटांच्या भिंती आणि वर नुसते ठेवलेले कवेलू, अशा घरांचं फार नुकसान झालं. पण त्याच पहाटे, खाली गाड्यांसाठी मोकळी जागा सोडून नुसत्या खांबांवर उभ्या केलेल्या काही नव्या इमारतींच्या खांबांनाही तडे गेले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. तेव्हा प्रश्न जुन्या-नव्याचा नाही, बांधणीचा आहे. भिंतींना दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर चहूबाजूंनी पट्टा बांधून घेता येतो, छपराचं लाकूड भिंतींशी जखडता येतं. जाणत्या इंजिनिअरला घर दाखवून मगच निर्णय घ्यावा. आणि कृपा करून चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, भिंत आतून कुजते आणि दोष मात्र बिचाऱ्या जुन्या घराच्या माथी येतो.

घर राखायचं म्हणजे काय राखायचं, हा खरा अवघड प्रश्न. अमेरिकेत या कामाची सुरुवात एका बाईनं केली. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन इथलं घर मोडकळीला आलं होतं. दक्षिण कॅरोलिनातल्या अ‍ॅन पामेला कनिंगहॅम यांनी १८५३ मध्ये बायकांची संस्था उभी केली, वर्गणी जमवली आणि १८५८ मध्ये दोन लाख डॉलरला ते घर विकत घेण्याचा करार केला. आजही ते त्याच संस्थेच्या ताब्यात आहे. दिवाणखाना, भोजनगृह, साहेबांची खोली सगळं जपलं गेलं. पण वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले तेव्हा तिथं तीनशेहून अधिक गुलाम माणसं राबत होती. त्यांची गोष्ट पाहुण्यांना सांगायला फार वर्षं लागली. विल्यम्सबर्ग हे अख्खं जुनं गाव १९२६ पासून रॉकफेलर यांच्या पैशानं पुन्हा उभं राहिलं. अठराव्या शतकात तिथली निम्मी वस्ती काळ्यांची होती, तरी त्यांच्या जगण्याला तिथल्या कार्यक्रमांत नीट जागा मिळाली ती १९७९ च्या सुमारास.

आपल्याकडे निराळं काय आहे? जबलपूरसारख्या गावातला साहेबी बंगला पाहताना आपण उंच छत, रोशनदानं, रुंद व्हरांडा यांचं कौतुक करतो. उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लावायच्या. त्यांवर दिवसभर पाणी कोण मारत होतं? छताला टांगलेल्या पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर जाई, आणि व्हरांड्यात बसून ती ओढणारा माणूस रात्रभर जागा असे. धूर आणि आगीच्या भीतीनं स्वयंपाकघर मुख्य घरापासून लांब असे, नोकरांच्या खोल्या त्याहूनही मागे. बंगला दुरुस्त करताना आधी पाडल्या जातात त्या याच खोल्या! मग उरतो तो नुसता देखावा.

आपल्या घरांतही तेच. दिवाणखान्यातल्या झोपाळ्याचा फोटो सगळे काढतात. माजघरात, चुलीपाशी ज्या बायकांचं आयुष्य गेलं, परसातल्या विहिरीवर कोणाला पाणी भरू दिलं जाई आणि कोणाला दुरून वाढलं जाई, हेही त्या घराचंच आहे. सांगायला जड वाटेल. पण ते गाळून घराचा इतिहास सांगू नये असं मला वाटतं.

घर वाचवणं प्रत्येकाला परवडणार नाही, हेही खरं. तिथं पुण्याच्या दिनकर केळकर यांची आठवण ठेवावी. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि त्यात जमवलं काय, तर दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, दारं-खिडक्या. वीस हजारांवर वस्तू, बहुतेक साध्यासुध्या घरांतल्या.

आपल्याला तेवढं नको. घर रिकामं करण्यापूर्वी एक रविवार काढा. प्रत्येक खोलीचे चारही भिंतींसकट फोटो घ्या, कोनाडे आणि फडताळं सोडू नका. पावलं मोजून का होईना, घराचा नकाशा काढा. त्यावर जातं कुठं होतं, बंब कुठं तापायचा, बाळंतिणीची खोली कोणती, मोलकरीण कोणत्या दारानं यायची, ते लिहा. घरातल्या सर्वांत वयस्क बाईंना शेजारी बसवा आणि आधी त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घ्या. पुरुषमंडळींना घर कोणी आणि केव्हा बांधलं ते ठाऊक असतं, पण त्यात दिवस कसा जायचा ते बायकांना विचारावं लागतं. पाटा-वरवंटा, घंगाळ, फिरकीचा तांब्या यांतलं जे ठेवाल त्याला जाड कागदाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधा: वस्तू काय, कोणाची, कशासाठी वापरत. मजकूर पेन्सिलीनं लिहा. शाई पहिल्याच पावसाळ्यातल्या ओलीनं पसरते.