आकडा वाढला म्हणजे थायरॉईड वाढला, असे नव्हे

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठ भागात आज पावलोपावली रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून थेट छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण तपासण्यांसाठी येथे येतात. रिपोर्ट हाती पडला की घरातील शिकलेला मुलगा वा सून प्रथम काय पाहते? ठळक अक्षरांत छापलेला आकडा. जो आकडा ठळक, तोच आजार, अशी आपली समजूत झाली आहे. थायरॉईडच्या बाबतीत ही समजूत फार महागात पडू शकते. कारण तो आकडा वाढण्याचे कारण दरवेळी गळ्यातल्या ग्रंथीतच असते असे नाही. कित्येकदा ते पोटात, उजव्या बरगड्यांखाली असते. तो अवयव म्हणजे आपले यकृत!

गाडी यकृताची, प्रवासी थायरॉईडचे

थायरॉईड ग्रंथी थायरॉक्सिन म्हणजेच टी-४ आणि थोड्या प्रमाणात टी-३ ही संप्रेरके तयार करते. ही संप्रेरके रक्तात मोकळी फिरत नाहीत. त्यांना वाहून नेणारी प्रथिने यकृत तयार करते आणि रक्तात सोडते. त्यांत तीन मुख्य: थायरॉक्सिनला घट्ट धरून ठेवणारे ग्लोब्युलिन (याला डॉक्टर मंडळी टीबीजी म्हणतात), ट्रान्सथायरेटिन आणि सर्वांच्या परिचयाचे अल्ब्युमिन. यांपैकी एकटे टीबीजीच टी-४ चा सुमारे ७० टक्के भार वाहते. टीबीजीचा शोध १९५२ साली लागला.

गणेशपेठ बसस्थानकावरून सुटणारी एस.टी. डोळ्यांसमोर आणा. गाडीत बसलेला प्रवासी गावात काही काम करीत नाही. जो खाली उतरतो, तोच कामाला लागतो. टी-४ च्या दर दहा हजार रेणूंपैकी जेमतेम दोन-तीन रेणू असे 'उतरलेले', म्हणजे मुक्त असतात. हृदयाची गती, शरीराची उष्णता, आतड्यांची हालचाल, वजन या सर्वांवर परिणाम होतो तो या दोन-तीन रेणूंचा. बाकीचे गाडीत बसून असतात.

आता समजा, यकृताने गाड्या वाढविल्या. रिकाम्या जागांवर जास्त प्रवासी बसले. थायरॉईडने तेवढी भर घातली आणि उतरणाऱ्यांची संख्या होती तेवढीच राहिली. शरीराला काहीही झाले नाही. पण प्रयोगशाळेने गाडीतले आणि उतरलेले असे सगळेच प्रवासी मोजले, तर आकडा वाढलेलाच दिसणार. आपल्याकडे 'टी-३, टी-४, टीएसएच' या नावाने जे पॅकेज मिळते, त्यातील टी-३ आणि टी-४ हे बहुधा असे एकूण आकडे असतात.

गाड्या केव्हा वाढतात?

सर्वांत मोठे कारण म्हणजे गरोदरपण. इस्ट्रोजेन वाढले की टीबीजी रक्तात अधिक काळ टिकते आणि त्याचे प्रमाण दुप्पट-अडीचपट होते. त्यामुळे पाचव्या महिन्याच्या सुमारास एकूण टी-४ हा नेहमीच्या दीडपट असणे हेच स्वाभाविक आहे. माला-डीसारख्या इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही तेच होते. स्तनाच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेननेही होते. पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे कावीळ झाली, यकृताला सूज आली, की सुजलेल्या यकृतातूनही टीबीजी अधिक प्रमाणात रक्तात येते. काही कुटुंबांत तर ही ठेवण जन्मजातच असते.

यात गरोदरपणाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. पहिल्या तीन महिन्यांत वारेतून येणारे एक संप्रेरक थायरॉईडला किंचित चिथावते आणि त्यामुळे टीएसएच थोडे खाली येते. म्हणजे रिपोर्टवर टी-४ जास्त, टीएसएच कमी! त्यातच उलट्या, धडधड, घाम हे सारे गरोदरपणातही असतेच. नागपूरचा मे महिना असेल, तर नवतपात घाम कोणाला येत नाही? घाईने पाहणाऱ्याला हे चित्र अतिक्रियाशील थायरॉईडचेच वाटेल.

गोळी चुकीची, धोका खरा

"चार दिवस गोळी घेतली तर काय बिघडते?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. बिघडते! कार्बिमाझोल ही उत्तम गोळी आहे, पण ज्याला आजार आहे त्याच्यासाठी. ती क्वचित पांढऱ्या पेशी एकदम खाली आणते. म्हणूनच ही गोळी सुरू असताना ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे लागते. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत ती घेतल्यास बाळात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. त्या काळात गरज पडल्यास प्रोपिलथायोयुरासिल देतात. परंतु या औषधाने यकृत निकामी होण्याचे प्रकार घडल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापण्यास लावले. यकृताने वाढविलेल्या निरुपद्रवी आकड्यासाठी यकृतालाच इजा करू शकणारे औषध घ्यायचे, याला काय म्हणावे?

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. यकृत आकसले (सिऱ्हॉसिस), मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जाऊ लागली किंवा दीर्घकाळ उपासमार झाली, तर गाड्याच कमी होतात. अशा रुग्णाची थायरॉईड खरोखरच बेफाम धावत असली, तरी एकूण टी-४ 'नॉर्मल' दिसू शकतो. वजन घटते आहे, हात कापतात, नाडी शंभरच्या वर आहे आणि रिपोर्ट मात्र निर्दोष! पन्नाशी-साठीच्या माणसाचे हृदय याच काळात अनियमित पडू लागते.

याशिवाय खरा आजारही यकृताला स्वस्थ बसू देत नाही. अतिक्रियाशील थायरॉईडमुळे यकृत लैंगिक संप्रेरकांना धरून ठेवणारे प्रथिन अधिक तयार करते. पुरुषाच्या छातीला सूज येते, तेव्हा त्यामागे पुष्कळदा ही घडामोड असते. म्हणूनच औषध सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी आणि पेशींची मोजणी करून ठेवावी. पुढे काही बिघडले, तर ते आजाराने की औषधाने, हे त्यावरून कळते.

मग करावे काय?

माझे मत स्पष्ट आहे. 'थायरॉईड प्रोफाइल' म्हणून एकूण टी-३ आणि टी-४ विकण्याची पद्धत आता बंद व्हावी. पहिली तपासणी टीएसएचची करावी. ते बिघडलेले असेल, तर मुक्त टी-४, म्हणजे रिपोर्टवर ज्याला फ्री टी-४ म्हणतात, तो मोजावा; गरज पडल्यास मुक्त टी-३. टीबीजी वाढल्याने टीएसएच बिघडत नाही. खऱ्या आजारात ते बहुधा शून्याला टेकते. एवढ्यानेही बरेचसे घोटाळे टळतील. उपचार सुरू झाल्यावर मात्र टीएसएच कित्येक महिने दबलेलेच राहू शकते. तेव्हा गोळीची मात्रा टी-४ पाहूनच ठरते आणि तेथे एकूण व मुक्त यांतला फरक सर्वांत मोलाचा असतो.

गरोदरपणात मुक्त टी-४ मोजण्याच्या काही पद्धतीही थोड्या फसतात. त्यासाठी तिमाहीनुसार ठरविलेल्या मर्यादा वापराव्यात आणि शंका राहिल्यास थायरॉईडला चिथावणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी करावी. मेडिकल-मेयोपासून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत जी गरोदर स्त्री येते, तिला ही सोय विनासायास मिळाली पाहिजे. आरोग्य शिबिरांत एका थेंबात पन्नास तपासण्या करण्यापेक्षा एक योग्य तपासणी केलेली बरी.

वाचकांनीही आपल्यापुरते एवढे करावे. रिपोर्टवर 'टोटल' लिहिले आहे की 'फ्री', ते पाहावे. आपण गरोदर आहोत, गर्भनिरोधक गोळ्या घेतो, नुकतीच कावीळ झाली होती किंवा केसांसाठी बायोटिन घेतो, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. बायोटिनमुळे तर काही तपासण्या थेट चुकतात. सुरू असलेली गोळी मात्र हा लेख वाचून परस्पर बंद करू नये. ज्याला खरोखर आजार आहे त्याने औषध सोडणे हे नसलेल्या आजाराला औषध घेण्याइतकेच घातक आहे. डॉक्टरांनीही रुग्णाची नाडी पाहावी, हात पुढे करायला सांगावे, गळा चाचपावा, डोळे पाहावेत. प्रयोगशाळेतील यंत्र आकडा देते, पण निदान रुग्णाकडे पाहणाऱ्या माणसालाच करावे लागते.