यंत्राचा हात आणि हातावरचे पोट

पक्षाघातानंतर घरच्यांना रोज दिसते ती मिटलेली मूठ. पाय ओढत का होईना चालायला लागतो, जीभ हळूहळू सावरते, पण हाताची बोटे आत वळलेलीच राहतात आणि अंगठा त्यांच्याखाली दबलेला. नखे कापायची तर घरातल्या कुणीतरी एकेक बोट उलगडून धरावे लागते. उशाशी रबरी चेंडू असतो. तो दाबणे एक वेळ जमते, सोडणे जमत नाही.

सुधारणा होते ती बहुतांशी पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. त्यानंतर वेग मंदावतो, वर्षभराने जवळपास थांबतो, आणि ‘आता हे असंच राहणार’ हे वाक्य घरात रुळते. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आशिष दत्ता यांचे यंत्र नेमके याच टप्प्यावरच्या रुग्णांसाठी आहे. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, हातावर बोटे हलवणारा यांत्रिक सांगाडा आणि दोघांना जोडणारा संगणक. यामागे सुमारे १५ वर्षांचे काम आहे.

युक्ती कळायला सोपी आहे. माणसाने हात हलवायचे नुसते मनात आणले, तरी मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागातली ८ ते १३ हर्ट्झची लय दबते. टोपी हा बदल टिपते आणि सांगाडा लगेच बोटे उघडतो. बोटे तर फिजिओथेरपिस्टही उघडतात. पण तेव्हा रुग्णाचे लक्ष समोरच्या टीव्हीवर असले तरी बोटे उघडतातच. इथे मात्र मनात आणल्याशिवाय यंत्र हलत नाही. इच्छा आणि हालचाल पुन्हा पुन्हा एकाच वेळी घडली, तर मेंदूतली मोडलेली वाट नव्याने पडू शकते, हा त्यामागचा विचार.

२०२५च्या सुरुवातीला संस्थेने जाहीर केले, की भारतातल्या ४ आणि ब्रिटनमधल्या ४ अशा ज्या ८ जणांची प्रगती थांबली होती, ते या उपचाराने पूर्ण बरे झाले. बातमी आनंदाची खरीच, पण आठ म्हणजे एका जीपमध्ये मावतील एवढी माणसे. अमेरिकेत ‘इप्सीहँड’ या अशाच यंत्राला एप्रिल २०२१मध्ये मान्यता मिळाली, तीही अवघ्या ४० रुग्णांच्या १२ आठवड्यांच्या चाचणीवर. सगळ्यांच्या हातात सुधारणा दिसली, पण ती चाचणी ‘अंध’ पद्धतीची नव्हती, म्हणजे कोणता उपचार चालू आहे हे आधीच माहीत होते. तेव्हा कानपूरच्या यंत्राला आत्ताच हवे आहेत ते शेकडो रुग्ण आणि चाचणीला पुरेल एवढा पैसा. टाळ्या थोड्या थांबल्या तरी चालतील.

मेंदूत चिप बसवणारे प्रयोग याहून नेत्रदीपक. २०१० साली समुद्रात सूर मारताना मान मोडलेल्या इयन बर्कहार्ट या अमेरिकी तरुणाच्या मेंदूत २०१४मध्ये चिप बसवली गेली. ती मेंदूचे संदेश संगणकाकडे पाठवी, संगणक हातावरच्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्यातून स्नायूंना चेतवी. बर्कहार्ट स्वतःच्याच हाताने बाटली उचलून ओतू लागला, बारीक काडीने ढवळू लागला. पण हे सारे प्रयोगशाळेत, डोक्याला केबल जोडलेली असताना. घरी आला की हात पुन्हा मांडीवर पडलेला. पुढे संसर्ग झाला आणि २०२१मध्ये चिप काढावी लागली. मान मोडलेल्यांसाठी ही वाट शोधत राहायलाच हवी. पण आपल्याकडच्या पक्षाघाताच्या रुग्णांसाठी सरकारी पैसा आधी टोपीवर खर्च व्हावा. तिला कवटी उघडावी लागत नाही आणि एकच यंत्र दिवसभरात अनेकांना वापरता येते.

‘हातावर पोट’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे अगदी शब्दशः खरा आहे. शिंपी, गवंडी, पोळ्या लाटून संसार चालवणारी बाई, यांचा उजवा हात गेला की त्याच दिवशी कमाई थांबते आणि रिक्षा करून फिजिओथेरपीला जाण्याचा खर्च सुरू होतो. सरकारी आरोग्य योजनांचा भर रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांवर असतो. मूठ उघडायची लढाई सुरू होते ती घरी पाठवल्यानंतर. यंत्र उद्या स्वस्त झाले तरी महिनोन्महिन्यांच्या सत्रांचे पैसे कुणी द्यायचे, हे आजच ठरवायला घ्यावे लागेल.

शिवाय एक अगदी साधी अडचण. ही टोपी डोक्यावर नीट बसवावी लागते, इलेक्ट्रोड टाळूला टेकले आहेत ना ते पाहावे लागते, आणि रुग्णाने दात आवळले किंवा डोळे मिचकावले तरी संदेशात खरखर येते. एकच हात चालणाऱ्या माणसाला हे एकट्याने जमणे कठीण. म्हणून उपजिल्हा रुग्णालयासाठी यंत्राची मागणी नोंदवताना त्याच कागदावर ती टोपी चढवणाऱ्या तंत्रज्ञाचे पदही मागायला हवे, आणि ते भरायलाही हवे.